कलम गेलं, धास्ती राहिली

आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला दवाखान्यात आणलं की नातेवाईक डॉक्टरांना हळूच विचारतात, ‘पोलीस केस होईल का हो?’ हा गुन्हाच आहे, हा समज इतका पक्का, की काही घरं खरं कारण सांगतच नाहीत. वस्तुस्थिती वेगळी आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ मध्ये लागू झाला. त्यातलं कलम ११५ सांगतं, की उलट सिद्ध होत नाही तोवर तो माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुन्या दंड संहितेचं कलम ३०९ उरलंच नाही. (सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न मात्र अजूनही गुन्हा आहे.) दवाखाना पोलिसांना कळवतो, एमएलसी (वैद्यकीय-कायदेशीर नोंद) होते; पण नोंद म्हणजे खटला नव्हे.

कलम ११५ च्याच दुसऱ्या पोटकलमाबद्दल फारसं कुणी बोलत नाही. अशा माणसाला उपचार आणि पुनर्वसन देणं हे सरकारचं कर्तव्य आहे, असं ते म्हणतं. शिक्षा रद्द करायला शाई पुरते, उपचारांना माणसं लागतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून चालू आहे. तरी २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना आढळले.

‘आत्महत्या हा शेतकऱ्यांचा प्रश्न’ हेही अर्धंच खरं. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, त्यांतल्या शेतीक्षेत्रातल्या ११,२९०. रोजंदारीवर जगणारे मात्र चौथ्या हिश्श्याहून जास्त. एकूण आकड्यात महाराष्ट्र पहिला, २२,७४६, शेतीतही पहिलाच.

‘ज्याला करायचं तो करणारच’ हा समज सगळ्यांत घातक, कारण त्याने सरकारलाही मोकळीक मिळते. श्रीलंकेने १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि वीस वर्षांत तिथला आत्महत्येचा दर सुमारे ७० टक्क्यांनी घसरला. आपण २०१८ मध्ये १८ कीटकनाशकांवर बंदीचा आदेश काढला. २०२२ च्या राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरणाचं लक्ष्य मात्र २०३० पर्यंत १० टक्के घट, एवढंच. आणि २०२० मधला आत्महत्यांचा आकडा १,५३,०५२ होता, म्हणजे दोन वर्षांत तो वाढलाच.

राहिला घरातला समज: विषय काढला की डोक्यात भरतं. तसं होत नाही. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारल्याने धोका वाढत नाही. बहुतेकांना हायसं वाटतं. सोबतीला सरकारची टेली मानस सेवा आहे: १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीतही.