चाकांवरचा संसार (भाग ६) : थांबलेल्या गाडीतली झोप

गेल्या आठवड्यात आपण कॅरॅव्हॅन आतून पाहिली. घडीचा पलंग, बोटभर रुंदीचं सिंक, खिडक्यांना पडदे. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून या गोष्टी आपल्याकडेही ओळखीच्या होऊ लागल्या आहेत. आज ज्या गाडीकडे वळायचं आहे तिला कुणी घर म्हणत नाही, पण माणसं महिन्यातले कितीतरी दिवस तिच्यातच काढतात. ती गाडी म्हणजे भिलाईहून पोलाद घेऊन निघणारा ट्रक.

भिलाईचा कारखाना सोव्हिएत मदतीने उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते तिथली पहिली झोतभट्टी सुरू झाली. इथले रूळ रेल्वेनेच जातात. प्लेटा, टीएमटी सळ्या, वायर रॉडची वेटोळी हा माल मात्र रस्त्यानेही जातो. गाडी राष्ट्रीय महामार्ग ५३ ला लागते आणि दुर्ग, राजनांदगाव, बाघनदी मागे टाकत देवरी, साकोली, भंडारा करत नागपूरला येते. पुण्याचं भाडं असेल तर एका बाजूचा प्रवासच हजार किलोमीटरच्या आसपास जातो. त्यात भरणीसाठी नंबर लागेपर्यंतची रांग, माल उतरवतानाची रांग आणि परतीच्या मालाची वाट पाहणं मिळवा. एका फेरीत गाडी जितके तास पळते, जवळजवळ तितकेच तास ती उभी असते. ड्रायव्हरचं घर म्हणजे ही उभी गाडी.

म्हणूनच माझ्या मते चाकांवरच्या कुठल्याही घराची परीक्षा एकच: इंजिन बंद असताना आत झोप लागते का?

मे महिन्यात भिलाईचा पारा ४४ अंशांच्या पुढे जातो. ट्रकची केबिन बहुधा इंजिनाच्या डोक्यावरच बसवलेली असते. दिवसभर तापलेलं इंजिन थांबल्यावरही कितीतरी वेळ खालून धग देत राहतं. वरून पत्रा तापतो आणि समोरच्या मोठ्या काचेतून ऊन थेट आत शिरतं. केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचना काढली, त्यानुसार १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांहून जड मालगाड्यांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचं झालं. नितीन गडकरींनी हा विषय लावून धरला होता. तापलेल्या केबिनमध्ये बारा-चौदा तास चालवणाऱ्या माणसाबद्दल दिल्लीत कुणीतरी बोललं, याचं मोल मोठं आहे.

पण हा एसी इंजिनावर चालतो. त्याचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्याने फिरतो, त्यामुळे इंजिन बंद झालं की गारवाही बंद. रात्रभर इंजिन चालू ठेवायचं तर अवजड ट्रक उभ्या उभ्या तासाला दोन-तीन लिटर डिझेल पितो. आठ तासांच्या झोपेला वीस लिटर धरा. बहुतेक मालक फेरीच्या अंतरावर हिशेब करून डिझेल देतात, त्यामुळे जास्तीचं डिझेल ड्रायव्हरच्या खिशातून जातं. वीस लिटरची झोप त्याला परवडत नाही.

मग बॅटरीवर एसी का नाही? इथे थोडा हिशेब करायला हवा. ट्रकची वीज २४ व्होल्टची असते, बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून मिळणारी. त्या १५० अँपिअर-तासांच्या धरल्या तर पूर्ण साठा भरतो ३.६ युनिट. शिशाची बॅटरी निम्म्याहून खाली वारंवार उतरवली की लवकर मरते, आणि सकाळी इंजिन सुरू करायला वीज शिल्लक ठेवावीच लागते. म्हणजे हाती उरतं दीड युनिट. उभ्या गाडीसाठी बनवलेला छोटा एसी ताशी अर्धा युनिट खाईल, म्हणजे तो तीन तास चालेल आणि पहाटेच्या आत बंद पडेल. पंखा आणि छोटा पंप असलेला पाण्याचा कूलर मात्र पन्नास-साठ वॉटमध्ये भागतो. रात्रभराला अर्धा युनिट लागतो. विदर्भ आणि छत्तीसगडच्या कोरड्या उन्हाळ्यात पाणी झपाट्याने उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं, म्हणून कूलर इथे खरोखर काम करतो. खिडकीला ओलं गोणपाट लावणारे ड्रायव्हर हेच शास्त्र वापरतात. जुलैत हवा दमट झाली की ही युक्ती संपते, तेव्हा नुसता पंखा आणि मच्छरदाणी.

यापेक्षाही स्वस्त उपाय म्हणजे गाडी कशी उभी करायची ते ठरवणं. दुपारी झोपायचं असेल तर समोरची काच पश्चिमेकडे नको. पडदा काचेच्या आतून लावण्यापेक्षा बाहेरून ताडपत्रीचा तुकडा टाकावा, कारण ऊन काचेतून एकदा आत आलं की त्याची उष्णता आतच कोंडते. केबिनच्या टपावर चटई किंवा जुन्या गोण्या बांधलेला ट्रक तुम्ही पाहिला असेल. ती बांधणाऱ्याला उष्णतारोधनाचं मर्म नीट कळलेलं असतं.

जेवणाच्या बाबतीत छत्तीसगडचं शहाणपण मला फार मोलाचं वाटतं. रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी कांदा, हिरवी मिरची, चटणीबरोबर खायचा, हे बोरे-बासी. सकाळी स्टोव्ह पेटवायला नको, केबिन तापत नाही, पोटात पाणी आणि मीठ दोन्ही जातं. २०२२ च्या कामगार दिनी राज्य सरकारने बोरे-बासी खाण्याचं जाहीर आवाहन केलं होतं. अडचण एकच, चाळीस अंशांत हा भात दुपारनंतर टिकत नाही. सकाळीच संपवायला हवा.

चूल पेटवायचीच असेल तर केबिनबाहेर, वाऱ्याच्या आडोशाला, गाडीच्या सावलीत. पाऊस आला म्हणून सिलिंडर आत घेऊन दारं लावणं जिवावर बेतू शकतं. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो केबिनच्या तळाशी साचतो, आणि वर बसलेल्याला वास येईपर्यंत उशीर झालेला असतो. कॅम्परमध्ये फरशीलगत गॅस खाली पडून जायला भोक ठेवतात ते यासाठीच. थंडीत शेगडी आत घेऊन झोपणं तर त्याहून वाईट, कारण कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो.

आता खऱ्या दुखण्याकडे येतो. ढाब्यावर खाट आहे, झाड आहे, वारा आहे, तरी ड्रायव्हर केबिनमध्येच का झोपतो? डिझेल चोरीला जातं, बॅटरी जाते, स्टेपनी आणि ताडपत्री जाते. नुकसान भरून देण्याची वेळ त्याच्यावर येते. पूर्वी क्लीनर सोबत असायचा, एक झोपला की दुसरा जागा. आता खर्च वाचवायला कितीतरी गाड्या एकट्या माणसाच्या हाती दिल्या जातात. असा माणूस एक कान उघडा ठेवून झोपतो आणि पहाटे दोन ते चारच्या दरम्यान, जेव्हा शरीर सर्वांत जास्त झोप मागतं, तेव्हा नागपूरपुढच्या सरळ रस्त्यावर असतो. समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, तेव्हा सुरुवातीच्या काळात पेट्रोलपंप सोडले तर थांबायला जागाच फारशी नव्हती. ७०१ किलोमीटरच्या त्या रस्त्याचं काँक्रीट आधी आलं, झोपायची सोय मागाहून.

कायद्याने हे फार पूर्वी ओळखलं होतं. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली, लांब पल्ल्यावर दहा. सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती ठरवली. जिथे रात्री मुक्काम करावा लागतो तिथे विश्रांतिगृह देण्याची जबाबदारीही मालकावर टाकली. पण पाचपेक्षा कमी कामगारांचे धंदे या कायद्याच्या बाहेरच होते, आणि एक-दोन ट्रकांचा मालक म्हणजे असाच धंदा.

तेल कंपन्यांनी महामार्गांवरच्या पंपांवर ‘अपना घर’ नावाची विश्रांतिस्थानं काढली आहेत. तिथे खाटा, स्वच्छतागृह, आंघोळीचा हौदा आणि स्वतः रांधायची जागा मिळते. स्वतः रांधायची जागा ज्याने सुचवली, त्याने ड्रायव्हरचं आयुष्य जवळून पाहिलं असणार. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी राष्ट्रीय महामार्गांवर ड्रायव्हरांसाठी हजार आधुनिक इमारती उभारण्याची घोषणाही केली. माझी मागणी आणखी साधी आहे. खाटेइतकाच खर्च वाहनतळावरच्या रखवालदारावर करा. गाडी सुरक्षित आहे याची खात्री नसेल तर ड्रायव्हर त्या खाटेवर आडवा होणारच नाही. आणि कारखान्यांच्या फाटकाबाहेर जिथे गाड्या रांगेत तासन्‌तास उभ्या असतात, तिथे झाडांची सावली, नळ आणि चार्जिंगची जागा असू द्या. तिथल्या विजेवर छोटा एसी किंवा कूलर जोडता आला तर बॅटरीचा सगळा हिशेबच सुटेल.

स्वतःची पिकअप सजवून लांबच्या प्रवासाला निघू पाहणाऱ्यांसाठी एक सूचना. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे गाडीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत, म्हणून सुताराला बोलावण्याआधी आरटीओत विचारा. आणि पलंग कुठे बसवायचा हे ठरवण्यापूर्वी मे महिन्यातली एक रात्र त्याच गाडीत, इंजिन बंद ठेवून, नुसती सतरंजी टाकून काढा.

पुढच्या भागात पाणी : किती न्यायचं, कुठे ठेवायचं आणि वापरलेलं कुठे सोडायचं.