द्रौपदी हसली, की ‘हसली म्हणे’?



गोष्टीतलं एखादं पात्र आवडलं की आपण नकळत त्याचे वकील होतो. ‘बाहुबली’चा पहिला भाग १० जुलै २०१५ ला आला आणि दुसरा २८ एप्रिल २०१७ ला. मधली पावणेदोन वर्षं कटप्पाने बाहुबलीला का मारलं, याची चर्चा शाळेच्या व्हरांड्यापासून चहाच्या टपरीपर्यंत सगळीकडे चालू होती. अंदाजांना तोटा नव्हता. कोणी म्हणे कटप्पा फितूर झाला, कोणी म्हणे त्यालाच राजा व्हायचं होतं, कोणी म्हणे बाहुबली मेलेलाच नाही. आणि काही मुलं म्हणायची, ‘त्याला कोणीतरी हुकूम दिला असणार.’

उत्तर तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. म्हणजे सगळे अंदाजच. पण सगळे अंदाज सारखे होते का? पहिल्याच भागात कटप्पा स्वतः सांगतो, की त्याच्या पूर्वजांनी माहिष्मतीच्या सिंहासनाला शब्द दिलेला आहे, म्हणून तो गुलामी सोडून जाऊ शकत नाही. हुकूमाचा अंदाज करणाऱ्या मुलांच्या हातात हा प्रसंग होता. राजा व्हायचं होतं म्हणणाऱ्यांच्या हातात काहीच नव्हतं. पुढे दुसरा भाग आला, हुकूम शिवगामीचा निघाला आणि वाद मिटला.

हा फरक मुलांना शिकवायचा कसा, यावर आज लिहायचं आहे. कारण सिनेमाचा दुसरा भाग येतो आणि निकाल लागतो. जुन्या ग्रंथांचा दुसरा भाग येत नाही. तिथे पात्रांविषयी कोण काय म्हणतं आणि कशाच्या आधारावर म्हणतं, हे आपल्यालाच तपासावं लागतं. उदाहरण मुद्दाम घरचं घेते, महाभारताचं. महाभारत इतिहास आहे की काव्य, हा वाद इथे घेत नाही. ग्रंथात पात्र कसं लिहिलंय, एवढंच बघू.

पण ग्रंथ म्हणजे कोणता? महाभारताची हस्तलिखितं देशभर वेगवेगळ्या लिप्यांत आहेत आणि त्यांत फरक आहेत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हे काम हाती घेतलं. १२०० हून अधिक हस्तलिखितं ताडून पाहिली, कोणता श्लोक किती प्रतींत आणि कोणत्या भागातल्या प्रतींत सापडतो हे बघितलं आणि १९६६ पर्यंत चिकित्सक आवृत्ती पूर्ण केली. डॉ. वि. स. सुखठणकर १९२५ पासून तिचे प्रमुख संपादक होते. जे श्लोक मुख्य संहितेत बसले नाहीत ते त्यांनी फेकून दिले नाहीत, तळटीपांत आणि परिशिष्टांत जपून ठेवले. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ‘हे इथलं नाही’ असं म्हणायचं, पण पुसून टाकायचं नाही.

आता आपला प्रसंग. मयसभेत दुर्योधन फसला, पाण्यात पडला, वरून द्रौपदी हसली आणि म्हणाली, ‘आंधळ्याचा मुलगा आंधळाच.’ हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. कीर्तनातून, गोष्टीच्या पुस्तकांतून, १९८८ ते १९९० या काळात दूरदर्शनवर लागलेल्या मालिकेतून ते आपल्या अंगात मुरलं आहे. आणि त्यातून निघालेलं वाक्य अजूनही घराघरांत ऐकू येतं. मुलगी जरा मोठ्याने हसली की आजी किंवा मावशी म्हणते, ‘फार दात काढू नये बाई, द्रौपदी हसली आणि महाभारत घडलं.’ म्हणजे एका पात्राविषयीचा समज थेट आपल्या वर्गातल्या मुलीच्या हसण्यावर येऊन बसतो. म्हणून हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही.

चिकित्सक आवृत्तीतल्या सभापर्वात हा प्रसंग असा आहे. कथा सांगणारा सांगतो, की कृष्ण द्वारकेला गेल्यावर दुर्योधन आणि शकुनी त्या सभेत राहिले. दुर्योधन स्फटिकाच्या तळ्याला जमीन समजला आणि कपड्यांसकट पाण्यात पडला. ते बघून सेवक हसले. राजाच्या आज्ञेवरून त्याला कोरडी वस्त्रं दिली गेली. मग भीम, अर्जुन, नकुल, सहदेव हसले. संपलं. द्रौपदीचं नावच नाही.

पुढे हस्तिनापूरला परत जाताना दुर्योधन शकुनीजवळ मन मोकळं करतो. पांडवांचं वैभव बघून तो जळतो आहे, आणि त्या सभेतल्या रक्षकांचं हसणं त्याला झोंबलं आहे. इथेही द्रौपदी नाही.

मग तो धृतराष्ट्रापुढे उभा राहतो. द्यूताला परवानगी हवी आहे आणि म्हातारा तयार नाही. आता तो सांगतो, ‘कृष्ण अर्जुनासह मला मोठ्याने हसला, आणि द्रौपदीही बायकांसह हसली.’ द्रौपदीचं हसणं पहिल्यांदा येतं ते इथे. आणि त्याच दमात तो कृष्णाचंही नाव घेतो, जो कथेनुसार केव्हाच द्वारकेला निघून गेला होता!

हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले होते. एकाच माणसाची एकाच घटनेविषयीची तक्रार दोनदा आली आहे. पहिल्यांदा हसणारे रक्षक, दुसऱ्यांदा कृष्ण आणि द्रौपदी. मधल्या वेळात त्याला वडिलांचं मन वळवायचं काम पडलं. मधल्या सुट्टीतल्या भांडणाचा निवाडा करणाऱ्या कुठल्याही शिक्षकाला हा प्रकार ओळखीचा वाटेल. मैदानावर ‘त्याने ढकललं’ असतं, ऑफिसात येईपर्यंत ‘त्या सगळ्यांनी मिळून मारलं’ होतं.

आणि ‘आंधळ्याचा मुलगा’ हे वाक्य? मुख्य संहितेत ते द्रौपदीच्या तोंडी कुठेच नाही.

मग द्रौपदी हसलीच नाही असं सिद्ध झालं का? नाही. कथाकाराने तिचं नाव घेतलं नाही, एवढंच आपल्या हातात आहे. ती तिथे असेलही, हसलीही असेल. पण तिच्या हसण्याचा एकमेव साक्षीदार दुर्योधन आहे आणि तो तक्रारदारही आहे. एवढ्या साक्षीवर अठरा अक्षौहिणींचा दोष एका बाईच्या माथी मारणं बरोबर नाही. भीम हसला हे तर कथाकारानेच स्पष्ट सांगितलंय. तरी एकाही मुलाला कोणी म्हणत नाही, ‘फार हसू नकोस, भीम हसला आणि महाभारत घडलं.’

आता कर्णाकडे येऊ. कर्णाचे चाहते महाराष्ट्रात अगणित. त्याला कारण शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’, १९६७ सालची. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण हे सगळे त्यात आपापली कहाणी स्वतः सांगतात. पात्र ‘मी’ म्हणून बोलायला लागलं की वाचक त्याच्या बाजूचा होतोच. त्या कादंबरीतली वृषाली वाचकांना इतकी खरी वाटते की मूळ महाभारतात हे नाव नाही, हे सांगितल्यावर लोक चकित होतात. मूळ ग्रंथात स्त्रीपर्वात गांधारी कर्णाच्या प्रेतापाशी रडणारी त्याची बायको दाखवते, ती वृषसेनाची आई म्हणून. बाकीचं सावंतांनी रचलं. कादंबरीकाराला तो पूर्ण अधिकार आहे आणि त्यांनी ते मनापासून केलंय. अडचण पुढे होते. कादंबरीतला कर्ण पुरावा म्हणून व्यासांच्या कर्णाविषयीच्या वादात आणला जातो.

द्यूतसभेत कर्ण द्रौपदीला अतिशय हीन शब्द वापरतो आणि तिची वस्त्रं काढून घ्यायला दुःशासनाला सांगतो. हे मुख्य संहितेत आहे, टाळता येत नाही. चाहत्यांना ते सहन होत नाही, स्वाभाविक आहे. मग स्पष्टीकरण येतं: ‘स्वयंवरात तिने सूतपुत्र म्हणून त्याला नाकारलं होतं ना, तो अपमान त्याच्या मनात होता.’ ऐकायला पटतं. पण स्वयंवरात द्रौपदीने बोलून दिलेला तो नकार बाजारात मिळणाऱ्या अनेक आवृत्त्यांत असला, तरी चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाही. म्हणजे एका नंतरच्या भरीवर दुसरा अंदाज उभा आहे. खालची वीट सरकली की वरची पडते.

बरं, कर्ण तसा का वागला याचं उत्तर ग्रंथात कुठे आहे का? आहे. उद्योगपर्वात कृष्ण त्याला एकांतात भेटतो, तेव्हा कर्ण स्वतःच म्हणतो, की दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून मी पांडवांना कटू शब्द बोललो, त्या कृत्याने आज मला जाळलं आहे. अपमान नाही, सूड नाही. मित्राला खूश करायचं होतं. हीसुद्धा पात्राच्याच तोंडची साक्ष आहे हे खरं. पण दुर्योधन बोलला ते वडिलांकडून काहीतरी मिळवण्यासाठी. कर्ण बोलतोय ते स्वतःच्याच विरुद्ध, एकांतात, आणि त्यातून त्याला मिळणार काहीच नाही. दोन साक्षींचं वजन सारखं धरता येणार नाही. आणि माझ्या मते हा पश्चात्ताप करणारा कर्ण, सबबी देणाऱ्या चाहत्यांच्या कर्णापेक्षा कितीतरी मोठा आहे.

मग कल्पना करायचीच नाही का? तसं नाही, आणि याचं उत्तम उत्तर मराठीतच आहे. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. तोवर लोकांनी तिच्यात आपापल्या ओव्या घुसडल्या होत्या. नाथांनी बजावून ठेवलं, की यापुढे जो यात आपली ओवी घालेल त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजावं. नरोटी म्हणजे नारळाची करवंटी. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये हाच शब्द उचलला. हे पुस्तकही १९६७ सालचंच, आणि १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. द्रौपदीवरच्या प्रकरणात शेवटच्या क्षणी ती आणि भीम यांच्यात काय झालं असेल, हे इरावतीबाईंना लिहावंसं वाटलं. त्यांनी ते लिहिलं. पण त्याआधी वाचकाला स्पष्ट सांगितलं, की इथपर्यंत ग्रंथाच्या आधाराने लिहिलं, आता पुढची ही माझी नरोटी. तो मजकूर पुस्तकातला सर्वांत हृद्य भाग आहे असं मानणारे खूप वाचक आहेत, मीही त्यातलीच. नरोटी आहे असं सांगितल्याने त्याची गोडी कमी झाली नाही.

आता आपल्या वर्गाकडे. परीक्षेत ‘पात्राची स्वभाववैशिष्ट्ये लिहा’ असा प्रश्न येतो आणि गाईडमधलं उत्तर ठरलेलं असतं: प्रेमळ, कष्टाळू, प्रामाणिक. आजी असो, शिपाई असो की बैल, तिन्ही शब्द चालतात. मुलांचे अंदाज निदान त्यांचे स्वतःचे असतात, गाईडचा अंदाज तर उसना. म्हणून मुलाने लिहिलेल्या प्रत्येक विशेषणापुढे मी ‘कशावरून?’ एवढंच लिहिते. धड्यातलं वाक्य दाखवता आलं तर पूर्ण गुण.

ससा-कासवाच्या गोष्टीत एक मुलगा म्हणाला, ससा रात्री अभ्यास करत जागला होता म्हणून त्याला झोप लागली. वर्ग हसला. अशा उत्तरावर लाल फुली मारू नका. कल्पना छान आहे, फक्त ती गोष्टीत नाही. त्याला ती वहीच्या उजव्या पानावर ‘माझी नरोटी’ या मथळ्याखाली लिहू द्या आणि डाव्या पानावर गोष्टीत जे आहे ते. आमच्या वर्गात आता उजवी पानं जास्त भरतात, आणि त्यात मला काही वाईट वाटत नाही. डावं पान कोरं ठेवून कोणी उजवं भरायला घेतलं तर मात्र थांबवते.

पालकांना घरी करता येण्यासारखं याहून सोपं एक आहे. आपल्या मराठीत खात्री किती आहे हे क्रियापदच सांगतं. ‘हसली’, ‘हसली असेल’, ‘हसली असावी’, ‘हसली म्हणे’. चारही वाक्यांत हसणं तेच, पण सांगणाऱ्याची जबाबदारी वेगळी. ‘हसली’ म्हणजे बोलणारा खात्री देतोय. ‘असेल’ म्हणजे शक्य आहे. ‘असावी’ म्हणजे काही खुणा बघून मी तर्क केलाय. ‘म्हणे’ म्हणजे दुसऱ्याने सांगितलं, मी फक्त पुढे देतोय. चौथीतलं मूल हे सगळं बोलताना बिनचूक वापरतं, लिहिताना मात्र सगळं ‘हसली’ करून टाकतं, कारण उत्तर ठाम हवं असं आपणच त्याला शिकवलेलं असतं.

तेव्हा मालिका बघताना किंवा गोष्ट वाचताना कोणत्याही पात्राविषयी एक वाक्य घ्या आणि मुलाला विचारा, यातलं कोणतं क्रियापद लावशील आणि का. आमच्या पाचवीच्या वर्गात मयसभेचा प्रसंग वरच्यासारखा सांगून मी फळ्यावर चार रिकाम्या जागा ठेवल्या: भीम, सेवक, कृष्ण, द्रौपदी. भीम आणि सेवकांपुढे सगळ्यांनी ‘हसले’ लिहिलं. कृष्णापुढे एका मुलीने लिहिलं, ‘हसला म्हणे, पण तो तर गावी गेला होता.’ द्रौपदीपुढे वर्ग अर्धा ‘हसली असेल’ आणि अर्धा ‘हसली म्हणे’ असा वाटला गेला, आणि तास संपल्याची घंटा झाली तरी भांडण चालूच होतं.