फिनलंडमधील भोजन व त्याचा हिशेब

२०२५ सालच्या जून महिन्यात फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे तीन आठवडे राहण्याचा योग आम्हां उभयतांस आला. चिरंजीव तेथे नोकरीस असून एकाच खोलीत राहतात. म्हणून आम्ही जवळच लॉजमध्ये उतरलो होतो. परतल्यावर संघातील बंधूंनी त्या देशाच्या सृष्टिशोभेविषयी थोडे व "खाल्लेत काय, आणि खर्च किती आला?" याविषयी अधिक विचारले. प्रश्न योग्यच आहे. म्हणून ही माहिती क्रमवार देत आहे.

प्रथम माझी चूक सांगतो. त्या वेळी एक युरो जवळजवळ शंभर रुपयांस पडत होता. पहिल्या सायंकाळी उपाहारगृहाच्या दारावर एका ताटाचा दर २२ युरो वाचला आणि मनात बावीसशे रुपयांच्या गव्हाची पोती मोजू लागलो. दोन दिवस आम्ही घरून नेलेल्या खाकऱ्यांवर व चिवड्यावर काढले. तिसऱ्या दिवशी सौभाग्यवतींस ट्राममध्ये घेरी आली. सावरल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "अहो, भाव पटला नाही तर गिऱ्हाईक परत जाते, पोट कोठे परत जाणार?" त्या दिवसापासून मी रुपयांचा गुणाकार सोडला व तेथील रीत समजून घेऊ लागलो.

तेथील ताटाची किंमत धान्यापेक्षा मजुरीवर अधिक ठरते. वाढणाऱ्याचा, भांडी घासणाऱ्याचा पगार चांगला असतो, आणि रविवारच्या कामास कायद्याने दुप्पट वेतन द्यावे लागते. भोजनावरील कर २०२५ साली १४ टक्के होता. जानेवारी २०२६ पासून तो साडेतेरा टक्के झाला. मात्र हा कर लिहिलेल्या दरातच धरलेला असतो, बक्षिशी देण्याची रीत नाही आणि नळाचे पाणी उत्तम असते. म्हणजे पाटीवरचा दर हाच अखेरचा दर.

यावर उपाय म्हणजे दुपारचे भोजन, ज्यास ते 'लोउनास' म्हणतात. सोमवार ते शुक्रवार, साधारण अकरा ते दोन या वेळात, ठरलेले पदार्थ मांडून ठेवतात व ज्याने त्याने आपले वाढून घ्यावयाचे असते. आम्हांस माणशी १३ युरोंत कोशिंबीर, पाव, मुख्य पदार्थ व कॉफी मिळाली. कचेऱ्यांतील नोकरवर्ग रोज येतो, अनेक मालक त्या खर्चाचा काही भार उचलतात, आणि वाढपी कमी लागतात. म्हणून हे परवडते. थोडा नफा व मोठा उठाव, हे आपल्या घाऊक धंद्याचेच तत्त्व होय.

आता शुद्धतेविषयी. 'कास्विस' म्हणजे शाकाहारी; परंतु त्यात अंडे चालते. 'वेगानी' लिहिले असेल तर अंडे नाही व दूधही नाही; कांदा, लसूण, बटाटा मात्र असू शकतो. 'लिहा' म्हणजे मांस, 'कानानमुना' म्हणजे अंडे, 'सिपुली' म्हणजे कांदा, 'पेरुना' म्हणजे बटाटा. 'काला' ऐकून आपणांस दहीकाला आठवेल. तेथे त्याचा अर्थ मासा! बंद पाकिटावरील घटकांच्या यादीत अंडे, मासा, दूध हे शब्द युरोपीय नियमानुसार उठून दिसतील असे छापतात; कांदा व बटाटा तसे छापत नाहीत, म्हणून ती यादी संपूर्ण वाचावी. वाटाण्याचे सार तेथे गुरुवारी करण्याची प्रथा आहे, पण त्यात बहुधा डुकराचे मांस असते; विचारल्याविना घेऊ नये.

कंदमुळे वर्ज्य करणाऱ्यांनी चुलीची सोय असलेली खोलीच घ्यावी. आम्ही दुसऱ्या आठवड्यात तसे केले व खर्च निम्म्याहून खाली आला. ओट्सची लापशी, राय नावाच्या धान्याचा काळा पाव, दूध व दही सर्वत्र मिळते. दुकानात प्रत्येक वस्तूखाली किलोचा दर लिहिलेला असतो, त्यामुळे तुलना सोपी जाते. अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीवर २० सेंट अनामत घेतात. रिकामी बाटली यंत्रात टाकताच ती परत मिळते. तेथील केस्को ही मोठी संस्था १९४० साली किरकोळ व्यापाऱ्यांनी स्थापिलेल्या चार घाऊक कंपन्या एकत्र येऊन उभी राहिली, हे आपल्यासारख्या संघाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. जाताना डाळ, मसाला न्यावा. तूप, पेढे मात्र नेऊ नयेत, कारण युरोपीय संघाबाहेरून दुग्धजन्य पदार्थ सामानातून नेण्यास बंदी आहे.

शेवटी, रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्यांसाठी एक सूचना. जूनअखेर हेलसिंकीत सूर्य रात्री पावणेअकराच्या पुढे मावळतो. डिसेंबरात दुपारी सव्वातीनच्या सुमारासच. अगदी उत्तरेस तर हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य उगवतच नाही. म्हणून वडीलधाऱ्यांस न्यावयाचे असेल तर उन्हाळ्यातच न्यावे.

प्रवासात काटकसर अवश्य करावी. परंतु ती रीत जाणून करावी, सोबतच्या माणसाच्या भुकेवर करू नये. हा धडा मी बराच महाग शिकलो. वाचकांस तो फुकट मिळावा एवढीच इच्छा.