सभा नेमकी कुठं भरवायची?



एका गट सभेत मागच्या रांगेतले एक वयस्क सभासद उभे राहिले आणि म्हणाले, "कारखाना हितं, ऊस हितं, माणसं हितं. मग बैठकीला दरवेळी गाड्या पुण्याला का पळतात?" सभेत हशा पिकला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. अहवालात प्रवास आणि भत्त्याच्या सदरात जो आकडा दिसतो, तो शेवटी उसाच्या बिलातनंच जातो. त्यामुळं बैठकीची जागा कशी ठरते आणि कशी ठरायला पाहिजे, हे सभासदाला ठाऊक असलंच पाहिजे. तेवढ्यासाठी हा लेख.

आधी एक गोष्ट ध्यानात घेऊया. जागा ठरली की कोण येणार हे निम्मंअर्धं ठरून जातं. लांबची जागा ठरवली, तर ज्याला गाडी आहे, सवड आहे, तो पोचतो. ज्याच्या गोठ्यात दोन म्हशी आहेत तो घरी राहतो. मग ठराव होतात ते पोचलेल्यांचे.

बैठक कशासाठी, हे पहिलं

बैठका ढोबळमानानं तीन प्रकारच्या. पहिली, निर्णयाची. इथं कागद, आकडे आणि सही करणारा अधिकारी लागतो. दुसरी, बघण्या-शिकण्याची. तिथं पीक, यंत्र, प्रयोग डोळ्यांसमोर पाहिजे. तिसरी, माणसांनी एकमेकांना ओळखण्याची. तिथं निवांत जागा पाहिजे. या तिन्हींना एकच शहर चालतं असं समजलं की घोटाळा होतो.

पुण्याचं उत्तर यातच आहे. साखर आयुक्तालय पुण्यात शिवाजीनगरला साखर संकुलात. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट पुण्याजवळ मांजरीला. ही संस्था 1975 साली स्थापन झाली, तेव्हा तिचं नाव डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट होतं. परवान्याचं, हिशोबाचं काम आयुक्तालयात असेल तर आपल्यालाच जावं लागतं, कारण साहेब एक वेळ कोल्हापूरला येतील, पण त्यांच्या कपाटातली फाईल येत नाही. मांजरीला गेलं तर बेण्याचे प्लॉट बघायला मिळतात, प्रयोगशाळेतल्या माणसाला समोरासमोर विचारता येतं. राज्य साखर संघाचं कार्यालय मुंबईत आणि सहकारी कारखान्यांचा राष्ट्रीय महासंघ दिल्लीत, तेव्हा तिकडचीही वारी अधूनमधून होणारच.

पण चार कारखान्यांनी एकत्र बसून ऊसतोडणी टोळ्यांचा विचार करायचा असेल, तर पुण्याचं काय काम? साखर खात्याचं प्रादेशिक सहसंचालक कार्यालय तर कोल्हापुरातच आहे. जिथं कागद तिथं कागदाची बैठक, जिथं ऊस तिथं उसाची बैठक, हा साधा नियम.

कोल्हापूरला येणं कुणाला सोयीचं?

जागेचं महत्त्व किती, याचा मोठा दाखला अलीकडंच आपल्या जिल्ह्यानं बघितला. मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच 18 ऑगस्ट 2025 पासून सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची कामं तिथं चालतात. त्यासाठी वकील मंडळी आणि पक्षकार कैक वर्षं झगडले. मागणी एवढीच होती की न्याय मागायला माणसाला रात्र काढून मुंबई गाठावी लागू नये. सावंतवाडीच्या माणसाला मुंबई पाचशे किलोमीटरच्या घरात, कोल्हापूर दीडशेच्या आसपास. एक तारीख म्हंजे दोन दिवस, दोन रात्री, वकिलाची फी, लॉजचं भाडं आणि घरचं बुडालेलं काम. हे सगळं जागेमुळं.

पण नुसत्या किलोमीटरवरही जाऊ नये. सोलापूरकराला मुंबईला जायला रात्रीची थेट रेल्वे आहे. झोपून गेला की सकाळी पोचला. दाजीपूर-राधानगरी किंवा गगनबावड्याच्या वाटेचं अंतर नकाशावर कमी दिसतं, घाटात वेळ दुप्पट लागतो. अंतर तासात मोजावं आणि रात्रीचा मुक्काम पडतो का, ते बघावं. मुक्काम पडला की खर्चाचा रंगच बदलतो.

जागा निवडण्यात जाणकारी काय असते, हे बघायचं तर जयसिंगपूर बघा. राजर्षी शाहू महाराजांनी वडिलांच्या नावानं वसवलेलं हे बाजाराचं गाव. मिरज-कोल्हापूर रेल्वे 1891 ची, ती गावातनं जाते. शिरोळ-हातकणंगल्याचा ऊस भोवताली, सांगली हाकेच्या अंतरावर, कर्नाटकाची हद्द जवळ. हंगामाच्या तोंडाला ऊस परिषद बरीच वर्षं तिथंच भरत आली. तिथल्या मागण्या कुणाला पटोत वा न पटोत, पण जागा निवडणाऱ्याला आपला माणूस कुठनं येणार हे पक्कं माहीत होतं, एवढं मान्य करावंच लागेल.

शहरच पाहिजे असं कुणी सांगितलं?

मोठी सभा मोठ्या शहरातच शोभते, ही समजूत आपल्याच जिल्ह्यानं शंभर वर्षांपूर्वी खोटी ठरवली आहे. मार्च 1920 मध्ये माणगावला परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष आणि शाहू महाराज जातीनं हजर. आज हे गाव हातकणंगले तालुक्यात येतं. ज्यांच्यासाठी परिषद होती ती माणसं खेड्यापाड्यातली, म्हणून परिषद त्यांच्यात गेली. पुढं डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसनं आपलं अधिवेशन पहिल्यांदाच खेड्यात घेतलं, तेही महाराष्ट्रात, खानदेशातल्या फैजपूरला. पंडित नेहरू अध्यक्ष होते.

मात्र खेड्यात सभा घ्यायची तर पाणी, सावली, जेवण आणि परतीची गाडी या चार गोष्टींची तजवीज आधी लागते. शहरात या गोष्टी पैसे टाकले की मिळतात. खेड्यात त्या माणसांनी उभ्या कराव्या लागतात. तशी माणसं असतील तर खेडं उत्तम, नसतील तर हौस करू नये.

एक हिशोब करून बघूया

समजा, चाळीस माणसांची एक संयुक्त बैठक घ्यायची आहे. त्यात कोल्हापूरचे 16, सांगलीचे 12, साताऱ्याचे 8 आणि पुण्याचे 4. अंतरं ढोबळ धरू. पुण्याहून सातारा 110, कोल्हापूर 230, सांगली 235 किलोमीटर. कऱ्हाडहून कोल्हापूर आणि सांगली प्रत्येकी 75, सातारा 50, पुणे 160. कोल्हापूरहून सांगली 50, सातारा 120.

आता प्रत्येकाचं एका बाजूचं अंतर मिळवूया:

बैठक पुण्याला घेतली तर 7,380 किलोमीटर.
बैठक कऱ्हाडला घेतली तर 3,140 किलोमीटर.
बैठक कोल्हापूरला घेतली तर 2,480 किलोमीटर.

म्हंजे पुण्याची बैठक कोल्हापूरच्या जवळजवळ तिप्पट पडते. पुण्याच्या चार माणसांचा प्रवास वाचवायला छत्तीस माणसं पळवली, असा त्याचा अर्थ.

मग कोल्हापूरच घ्यावं का? थांबा, दुसरी बाजूही बघा. कोल्हापूरला घेतली तर पुणेकराला 230 किलोमीटर येऊन तेवढंच परत जायचं आहे, म्हंजे त्याचा मुक्काम पडणार. कऱ्हाडला घेतली तर सगळ्यात लांबच्या माणसालाही 160 च पडतात. सकाळी निघून रात्री प्रत्येक जण आपल्या घरात. एकूण बेरीज थोडी वाढली, पण ताण वाटला गेला. म्हणून हिशोब दोन करावेत. एक, सगळ्यांचं मिळून किती. दुसरा, सगळ्यात लांबच्याला किती. खर्चाचीच काळजी असेल तर पहिला हिशोब धरावा. प्रत्येकानं यावं आणि बोलावं अशी इच्छा असेल तर दुसरा धरावा.

हॉलचं भाडं लोक आधी विचारतात. खरं तर ते सगळ्यात शेवटी विचारायचं. हजार-दोन हजार रुपये वाचवायला आडबाजूचा हॉल घेतला आणि चाळीस माणसांचा तासतास वाया गेला, तर ती बचत नव्हे.

जागेइतकंच दिवसाला महत्त्व

कोल्हापूर कितीही सोयीचं असलं तरी बारा महिने सोयीचं नाही. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी आलं आणि वाहतूक बंद पडली. त्यामुळं जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरच्यांना इथं बोलवायची बैठक ठरवू नये. शिवाय तेव्हा आडसाली लागणीची धांदल असते. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला एवढी गर्दी असते की लॉजची खोली मिळत नाही आणि गाडी लावायला जागा मिळत नाही. ऐन गळितात बैठक ठेवली तर चीफ इंजिनिअर, चीफ केमिस्ट आणि शेती अधिकारी शरीरानं बैठकीत आणि मनानं कारखान्यात, अशी गत होते.

वेळेचंही तसंच. आपल्या सभासदाचा दिवस दुधाच्या संकलनाला बांधलेला आहे. सकाळच्या धारा उरकून, वैरण टाकून तो निघणार आणि संध्याकाळच्या धारांना त्याला घरी पोचायचं असतं. सभा सकाळी नऊला ठेवली तर तो येऊ शकत नाही, चारला ठेवली तर मध्येच उठून जातो. मग विषयपत्रिकेतला शेवटचा विषय, आणि तो बहुधा महत्त्वाचा असतो, रिकाम्या खुर्च्यांपुढं मंजूर होतो. परिसरातल्या मोठ्या गावाचा बाजार कुठल्या वारी आहे, हेही पंचांगासारखं बघूनच तारीख धरावी.

कामगार आणि अधिकाऱ्यांचा मेळावा

हंगाम संपल्यावर शेती खातं, कारखाना खातं, हिशोब खातं यांनी एकत्र बसावं, वर्षभरात कुठं चुकलं ते मोकळेपणानं बोलावं, ही चांगली प्रथा आहे. पण हा मेळावा कार्यस्थळावर ठेवला की अर्ध्या तासात एकाला बॉयलरकडनं बोलावणं येतं, दुसऱ्याला गोडाऊनकडनं. शिवाय जिथं रोज साहेबापुढं उभं राहायचं, तिथं माणूस साहेबापुढं मोकळं बोलत नाही. त्यासाठी थोडी बाजूची जागा बरी. आपल्याला पन्हाळा वीस किलोमीटरवर आहे. सकाळी जावं, संध्याकाळी यावं. महाबळेश्वर-गोव्याची गरज नाही. त्या सहली होतात, बैठका होत नाहीत.

आळीपाळीचा मार्ग

एकच जागा कायम ठेवली की जवळचे कायम जवळ आणि लांबचे कायम लांब राहतात. जगभरच्या ऊस तंत्रज्ञांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिची सुरुवात 1924 साली हवाई बेटांवर होनोलुलूला झाली. त्या काळी हवाईत ऊसच ऊस. तेव्हापासून तिची परिषद एकाच देशाला चिकटून राहिली नाही. ऊस पिकवणाऱ्या निरनिराळ्या देशांत ती फिरत राहिली आणि फेब्रुवारी 2023 मध्ये आपल्याकडं हैदराबादला भरली. ज्या देशात परिषद, तिथलं पीक आणि तिथले कारखाने बघायला मिळतात, आणि एरवी ज्यांना परदेशी जाणं परवडत नाही त्या यजमान देशातल्या माणसांनाही संधी मिळते.

आपणही हेच करू शकतो. कायद्याप्रमाणं वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हंजे सप्टेंबरअखेर घ्यावी लागते. ती कार्यस्थळावर होते ते योग्यच आहे, कारण कारखाना सभासदाचा आहे आणि वर्षातनं एकदा तरी त्यानं तो डोळ्यांनी बघावा. पण त्याआधीच्या गट सभा मात्र फिरत्या असाव्यात. दरवर्षी गट ऑफिसलाच न घेता एका वर्षी नदीकाठच्या गावात, पुढच्या वर्षी डोंगरकाठच्या गावात. कोरोनाच्या काळात मोबाईलवरनं सभा झाल्या. अडचणीला ती सोय चांगली, नुसती माहिती द्यायलाही चांगली. पण वजनकाट्याची तक्रार, तोडणीला लागलेला उशीर, बिलातली कपात, हे विषय समोरासमोरच निघतात. मोबाईलवर आवाज बंद करता येतो. मांडवात उभ्या राहिलेल्या सभासदाचा आवाज बंद करता येत नाही.

तेव्हा त्या वयस्क सभासदांना उत्तर असं की पुण्याला काही वेळा जावं लागतं, पण दरवेळी नाही. आणि कुठली बैठक कुठल्या कामासाठी, तीच जागा का, हे विचारायचा तुम्हाला पुरा हक्क आहे. असा प्रश्न विचारणारा सभासद संस्थेचा खर्चही वाचवतो आणि मानही राखतो.

आपल्या गावात गट सभा घ्यायची तर कुठल्या वारी, किती वाजता आणि कुठल्या ठिकाणी सोयीची पडेल, हे आपल्या गट कार्यालयात लेखी कळवावं. सभेच्या दिवशी मात्र घरी राहू नये. जागा तुमच्या सोयीची झाली, तर रिकामी खुर्ची शोभणार नाही.