गेलेले रोग परत कां येतात?

अमरावती-अकोल्याकडील वडीलधाऱ्यांस हिंवताप कांहीं नवा नाहीं. मेळघाटच्या जंगलांत तर तो घरचाच. १९५३ सालीं देशभर डी. डी. टी. ची पद्धतशीर फवारणी सुरू झाली आणि १९६५ च्या सुमारास रुग्णसंख्या लाखाच्या घरांत उतरली. रोग संपला असें मानून हात आखडला गेला. इकडे डासांनीं तें औषध पचविण्याची विद्या साधली, आणि १९७६ सालीं रुग्ण ६४ लाखांवर गेले!

चिकुनगुन्याची चाल निराळी. १९७३ सालीं तो सोलापूर जिल्ह्यांतील बार्शीस आला, पुढें सुमारें ३२ वर्षें लोक त्यास विसरले, आणि २००६ सालीं त्यानें महाराष्ट्रांत घरोघरीं सांधे धरले. त्याचा व डेंग्यूचा वाहक एडिस डास गटारांत नव्हे, तर आपल्या रांजणांतील निवळ पाण्यांत वाढतो, व दिवसा चावतो. वऱ्हाडांत कित्येक ठिकाणीं नळास रोज पाणी येत नाहीं, म्हणून गृहिणी तें सांठविते. तिला दोष कोणत्या तोंडानें द्यावा? मात्र एक गोष्ट तिला कोणी सांगत नाहीं. या डासाचीं अंडीं भांड्याच्या कडेस चिकटतात आणि कोरडीं राहूनहि कित्येक महिने जगतात. तेव्हां आठवड्यास नुसतें पाणी ओतून भागत नाहीं. रांजण आंतून घांसावा लागतो.