'अरे बाबा' म्हणणारी ब्राझीलची मैत्रीण आणि माझी एक थाप

आवाज येतोय ना नीट? आज चांदीपला पाऊस लागलाय, त्यामुळे मागे पत्र्यावरचा ताशा ऐकू येईल, तेवढं सांभाळून घ्या. जे वाचताय, ते सुटलात.

आजचा विषय माझ्या एका मैत्रिणीचा. बुद्धिबळाच्या एका ॲपवर तिने मला सलग चार डाव हरवलं आणि पाचव्या डावानंतर आम्ही गप्पा मारायला लागलो. ती ब्राझीलची, कुरितिबा शहरातली. दोन्हीकडच्या घड्याळांत साडेआठ तासांचा फरक. मी रात्री साडेदहाला जेवणं आवरून रेंज शोधत अंगणाच्या कोपऱ्यात येते, तेव्हा तिकडे दुपारचे दोन वाजलेले असतात. बोलणं मोडक्यातोडक्या इंग्रजीत, अडलं की ट्रान्सलेट.

मी भारतातली आहे म्हटल्यावर तिचा पहिला व्हॉइस मेसेज आला, त्यात दोनच शब्द होते. "अरे बाबा!" आणि मागून तिच्या आईचा आवाज, "अरे बागुआंजी!" ते 'अरे भगवानजी' आहे हे कळायला मला तीन वेळा ऐकावं लागलं.

झालं होतं असं, की २००९ मध्ये ब्राझीलच्या टीव्ही ग्लोबोवर 'कामिन्यो दास इंदियास' नावाची मालिका लागायची. नावाचा अर्थ साधारण 'भारताची वाट'. लेखिका ग्लोरिया पेरेझ. जानेवारी ते सप्टेंबर, सोमवार ते शनिवार, रात्रीच्या मुख्य वेळेला. काही भाग भारतात शूट केला, बाकीचा रिओच्या स्टुडिओत सेट लावून. भारतीय कुटुंबांतली सगळी मुख्य माणसं ब्राझीलचेच नट. बोलणार पोर्तुगीज, मध्येच पेरणार 'अच्छा', 'चलो', 'अरे बाबा'. अख्ख्या देशाच्या तोंडी ते शब्द बसले. त्याच वर्षी तिला आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कारही मिळाला. आपल्याकडे रात्री आठला घराघरात जे चालतं ना, अगदी तेच समजा, फक्त सगळ्यांनी साड्या नेसून पोर्तुगीजमध्ये भांडायचं.

कथा काय? माया नावाच्या मुलीचं बहुआन नावाच्या दलित तरुणावर प्रेम, आणि घरच्यांचा विरोध. मैत्रीण तेव्हा लहान होती, पण आईच्या मांडीवर बसून तिने हे पाहिलेलं. म्हणून ओळख होऊन आठवडा झाला नाही तोच तिने विचारलं, "तुझी जात कुठली? ज्यांना शिवत नाहीत ती माणसं तुमच्या गावात राहतात का?"

मला असा राग आला! मी ताडकन टाइप केलं, "असलं आता काही नसतं. ते फक्त तुमच्या सिरियलमध्ये." आणि पंधरा दिवस तिच्याशी बोलले नाही.

आता खरं सांगते. त्याच आठवड्यात माझ्या मावसबहिणीचा लग्नाचा बायोडाटा आमच्या फॅमिली ग्रुपवर फिरत होता. नाव, उंची, शिक्षण, आणि मग ठळक अक्षरात जात, पोटजात. एक चांगलं स्थळ, मुलगा तिला आवडलेला, त्या एका ओळीवरून मोडलं. ती रात्रभर रडली. आणि तो बायोडाटा मीच फोनवर बनवला होता, गणपतीचा फोटो टाकून. मग थाप कुणी मारली? सिरियलने, की मी?

(इथे रेकॉर्डिंगमध्ये मी थोडा वेळ गप्प आहे. तो भाग कापला नाही.)

बरं, मी तरी कुठे शहाणी होते? ओळखीच्या पहिल्याच दिवशी मी तिला विचारलं होतं, "तुमच्याकडे रस्त्यावर रोज गोळीबार होतो ना?" कारण माझं ब्राझील म्हणजे टीव्हीवर हिंदीत डब केलेला 'फास्ट फाइव्ह'. डोंगरावरच्या झोपड्या, बंदुका, गाड्या. २०११ च्या त्या सिनेमातलं रिओ बरंचसं पोर्तो रिको या कॅरिबियन बेटावर शूट झालंय, हे मला नंतर कळलं. आणि ती राहते त्या कुरितिबाला समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर कडाक्याची थंडी. २०१३ मध्ये तिथे चक्क बर्फ पडला होता! तिने तेव्हा नुसता स्वेटरमधला फोटो पाठवला होता. रागावली नव्हती. रागावायचं काम मी केलं.

मग मीच परत मेसेज केला. माफी मागायला शब्द सापडेना, म्हणून एका रविवारी विरारहून लोकल पकडून वसईला गेले आणि किल्ल्यातून व्हिडिओ कॉल लावला. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी तिथे प्री-वेडिंगचे फोटो काढले असतील. १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे चिमाजी अप्पांनी घेईपर्यंत, हा किल्ला पोर्तुगीजांकडे होता. हाही एक बहुरूपीच आहे बघा. 'जोश' सिनेमात तो गोवा झाला. २०१६ मध्ये कोल्डप्लेच्या 'हिम फॉर द वीकेंड'च्या व्हिडिओत तो साधू, मोर आणि उडणाऱ्या रंगांच्या भारताचा भाग झाला, आणि त्या चित्रणावरून बराच वादही झाला. वसई म्हणून वसई कुठेच नाही!

पडक्या चर्चमध्ये जमिनीवर कबरींच्या फरशा आहेत. मी फोन खाली धरला आणि ती एकदम ओरडली, "थांब, मागे घे!" दगडावरचं अक्षर न् अक्षर ती वाचायला लागली. झिजलेलं, जुनं स्पेलिंग, तरी वाचत होती. लहानपणापासून ज्या दगडांवर आम्ही पाय देऊन पळालो, ते तिला वाचता येत होते. मला नाही. मग आमचा खेळच सुरू झाला. पाव? त्यांच्याकडे पाँव. बटाटा? बताता. चावी? शावी. काजू तर मूळ तिकडचाच, झाडही आणि शब्दही.

त्या कॉलवर, चर्चच्या पायरीवर बसून, मी तिला बायोडाट्याचं सांगितलं. मावसबहिणीचं सगळं. "तेव्हा मी खोटं बोलले होते," म्हटलं.

ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, आमच्या बिल्डिंगला दोन लिफ्ट आहेत. एक राहणाऱ्यांची, एक सामानाची. घरकामाला येणारी बाई कायम सामानाच्या लिफ्टने येते. "कुणी तिला सांगत नाही. पण ती दुसरीत कधी चढत नाही. आणि मला हे आज, तुझ्याशी बोलताना दिसलं."

मला विरारच्या एका टॉवरमधली पाटी आठवली. तिथे तर कोणी कुठल्या लिफ्टने जायचं, हे लिहूनच ठेवलंय.

आमच्यात आता एक ठरलंय. मूर्ख प्रश्न विचारायला बंदी नाही, पण उत्तर देणाऱ्याने जाहिरात करायची नाही. कठीण आहे हो. परवा तिने गावाचे फोटो मागितले तेव्हा माझं बोट आपोआप हिरव्या भातशेतीवर गेलं आणि टँकरपुढच्या हंड्यांच्या रांगेचा फोटो मागे राहिला. मग तोही पाठवला. तिने विचारलं, एवढा पाऊस पडतो तिथे टँकर कशाला? त्याचं उत्तर द्यायला मला तीन व्हॉइस मेसेज लागले.

तिच्या आईला मात्र मी काही सुधारायला गेले नाही. त्या अजूनही फोनवर आल्या की आधी हात जोडतात आणि "अरे बागुआंजी" म्हणतात. मीही म्हणते.

चला, बॅटरी नऊ टक्क्यांवर आलीय आणि लाइट गेलीय. तुमचाही परदेशातला कुणी ऑनलाइन दोस्त असेल, तर त्याने विचारलेला सगळ्यात विचित्र प्रश्न मला व्हॉइस नोटमध्ये पाठवा. आणि तुम्ही त्याला काय उत्तर दिलंत, तेही.