एवढ्या लवकर, एवढी घडीव?

सर्पिल दीर्घिका घडायला काही अब्ज वर्षं लागतात, असाच आजवरचा हिशेब. आधी खळबळता वायू निवून तबकडीत स्थिरावणार, मग भुजा उमटणार. घाईचं कामच नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांच्या २०२५ मधल्या शोधाने या हिशेबाला धक्का दिला. जेम्स वेब दुर्बिणीच्या प्रतिमांत त्यांना ‘अलकनंदा’ सापडली. विश्व जेमतेम दीड अब्ज वर्षांचं असतानाची ही दीर्घिका, तरी दोन ठसठशीत भुजा! व्यास सुमारे ३०,००० प्रकाशवर्षं. भुजांवर नवजात ताऱ्यांचे पुंजके माळेतल्या मण्यांसारखे ओवलेले. वर्षाकाठी साधारण ६० सूर्यांच्या वस्तुमानाइतके तारे तिथे जन्मत होते; आपल्या आकाशगंगेच्या कितीतरी पट.

इतक्या लांबचं हे सगळं दिसलं, त्याला थोडी नशिबाचीही साथ. वाटेत एबेल २७४४ हा दीर्घिकांचा अवाढव्य समूह आहे. त्याच्या गुरुत्वाकर्षणाने प्रकाश वाकतो आणि अलकनंदा जवळपास दुप्पट तेजस्वी दिसते. फुकटचं भिंगच म्हणा ना! भुजा इतक्या लवकर कशा उमटल्या, हे मात्र कोडंच. तबकडी शांतपणे फिरते की अजून खळबळते आहे, हे आता तिच्या वर्णपटावरून तपासावं लागेल.